वाचता वाचता पुढे जाऊन परत त्याच रेकॉर्डवर कसं यायचं?

मेनफ्रेमवरच्या (बँकांसारख्या ठिकाणच्या मोठ्या संगणकावरच्या) फाइलींबद्दलच्या तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत, म्हणून आधी ते सुटे करून घेतो. पहिला: ८० बाइटच्या रेकॉर्डची सिक्वेन्शिअल (ओळीने वाचायची) फाइल वाचताना हेडर, म्हणजे पहिला माहिती-रेकॉर्ड, हातात आला की शेवटचा ट्रेलर, म्हणजे एकूण संख्या आणि रक्कम असलेला रेकॉर्ड, बघायचा आणि पुन्हा हेडरच्या पुढच्या रेकॉर्डवर यायचं. दुसरा: खात्यांच्या केएसडीएसमध्ये (कीने, म्हणजे रेकॉर्डच्या ओळख-क्रमांकाने, लावलेल्या फाइलमध्ये) शाखेप्रमाणे वाचत असताना मध्येच दुसरं एखादं खातं उघडून बघायचं आणि परत आपल्या जागी यायचं. तिसरा: जॉब अर्ध्यात अबेंड झाला, म्हणजे मध्येच मोडून पडला, तर पहिल्यापासून न करता तिथूनच उचलायचा. आणि तिन्हींसाठी विचारलंय, ‘पोझिशन सेव्ह करायची कमांड कोणती?’

कमांड सांगतो. त्याआधी एक गोष्ट. मी मुंबईत २६ वर्षं मेनफ्रेमवर काढून आता देवगडजवळ घरच्या बागेत असतो. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांची फवारणी चालू असते. संध्याकाळी काम थांबवताना एक गडी सांगतो, ‘सातव्या ओळीतलं तिसरं कलम झालं.’ दुसरा सांगतो, ‘११२ नंबरचं झालं.’ कलमांच्या बुंध्यावर ऑइलपेंटने नंबर घातलेत, त्यातला ११२. दोघेही बरोबर, आणि दुसऱ्या दिवशी दोघेही बरोबर त्याच कलमाशी उभे राहतात. पण गेल्या वर्षी गडग्याच्या बाजूची एक अख्खी ओळ रस्त्यासाठी तोडावी लागली. तेव्हापासून जुन्या वहीतलं ‘सातवी ओळ, तिसरं कलम’ म्हणजे भलतंच झाड. ११२ मात्र अजून ११२च आहे.

फाइलमध्येही हेच दोन प्रकार. टीटीआर (डिस्कवरचा कितवा ट्रॅक, म्हणजे वर्तुळ, आणि त्यावरचा कितवा ब्लॉक, म्हणजे एका वेळी वाचला जाणारा रेकॉर्डांचा गठ्ठा) आणि आरबीए (सुरुवातीपासून कितवा बाइट) हे ओळ आणि कलम मोजून सांगितलेले पत्ते. रेकॉर्डची की म्हणजे बुंध्यावरचा नंबर. पत्ता झटकन नेतो, पण खूण केली तेव्हापासून परत येईपर्यंत फाइलला कोणी हात लावलेला नसेल तरच. तेव्हा कमांड शोधण्याआधी एवढं ठरवा, की मधल्या वेळात फाइलचं काय होऊ शकतं.

आता पहिला प्रश्न. तुमचा प्रोग्राम क्यूसॅमने वाचतोय, म्हणजे गेट लावून एकेक रेकॉर्ड मागतोय, आणि क्यूसॅममध्ये नोट (जागा टिपणं) आणि पॉइंट (टिपलेल्या जागी परत जाणं) नाही. हे कोणी द्यायचं विसरलेलं नाही. क्यूसॅम तुमच्या पुढे पळत असतो. बफनो (बफरांची संख्या) दिला नाहीत तर डिस्कवर साधारणपणे ५ बफर धरतो आणि तुम्ही पहिल्या ब्लॉकमधला दहावा रेकॉर्ड बघत असता तेव्हा त्याने पुढचे ब्लॉक आणूनही ठेवलेले असतात. ‘आत्ता मी कुठे आहे’ याचं तुमचं उत्तर वेगळं आणि त्याचं वेगळं.

जागा सांगता येते ती बीसॅममध्ये (ब्लॉक-ब्लॉक वाचायच्या पद्धतीत), कारण तिथे रीड आणि चेक (वाचन पूर्ण झालं का ते बघणं) तुम्हीच देता. डीसीबीत (फाइलची माहिती देणाऱ्या कोष्टकात) मॅक्रफ या पर्यायाला आर आणि पी ही दोन्ही अक्षरं हवीत. रीड, मग चेक, मग नोट. पुढे चार-पाच रीड सोडून ठेवले असतील तर ते सगळे चेक झाल्याशिवाय नोट घेऊ नका. नोट रजिस्टर १ मध्ये चार बाइट देतो: पहिले दोन म्हणजे फाइलच्या सुरुवातीपासून कितवा ट्रॅक, तिसरा म्हणजे त्या ट्रॅकवरचा कितवा ब्लॉक, आणि चौथा शून्य. ट्रॅक शून्यापासून मोजतात, ब्लॉक एकापासून. हा फरक पहिल्या महिन्यात सगळ्यांना एकदा तरी पाडतो.

इथे नीट बघा: नोट ब्लॉकचा पत्ता देतो, रेकॉर्डचा नाही. तुमचीच फाइल घ्या. ८० बाइटचा रेकॉर्ड, ३३९० डिस्क, ब्लॉकसाइज २७,९२०. म्हणजे एका ब्लॉकमध्ये ३४९ रेकॉर्ड आणि एका ट्रॅकवर दोन ब्लॉक. समजा तुम्ही १,०००व्या रेकॉर्डवर आहात. पहिल्या दोन ब्लॉकमध्ये ६९८ गेले, म्हणजे तुम्ही तिसऱ्या ब्लॉकमधल्या ३०२व्यावर. तिसरा ब्लॉक म्हणजे दुसऱ्या ट्रॅकवरचा पहिला, म्हणून नोटचं उत्तर ००-०१-०१-०० असं दिसेल. पण त्या ब्लॉकमधल्या सगळ्या ३४९ रेकॉर्डना हेच उत्तर आहे! म्हणून सोबत ‘३०१ गुणिले ८०, म्हणजे २४,०८० बाइट पुढे’ हेही तुम्हालाच जपून ठेवायला लागतं. परत येताना पॉइंट द्यायचा, तो ब्लॉक पुन्हा रीड-चेक करायचा (तुमचा बफर मधल्या फेरफटक्यात पुसला गेलेला असतो) आणि २४,०८० बाइट पुढे सरकून उभं राहायचं.

पॉइंटच्या चौथ्या बाइटचं महत्त्व फार थोड्यांच्या लक्षात येतं. तिथे शून्य असेल तर पुढचा रीड तोच ब्लॉक आणतो. एक ठेवलात तर त्याच्या पुढचा. ब्लॉक पूर्ण संपवून नोट घेतली असेल तर एक ठेवा, नाहीतर ३४९ रेकॉर्ड दुबार होतील आणि टोटल जुळत नाही म्हणून तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल. पॉइंट स्वतः काही वाचत नाही, त्यामुळे चुकीचा पत्ता दिलात तर बोंब बहुतेक वेळा पुढच्या रीड-चेकला होते. तेव्हा चूक एका ओळीवर आणि अबेंड दुसऱ्याच ओळीवर दिसतो.

मर्यादाही सांगून ठेवतो. ट्रॅकला दोनच बाइट असल्यामुळे हा हिशोब ६५,५३५ ट्रॅकपर्यंतच चालतो. तुमच्या ब्लॉकसाइजला ते साधारण ३६६ कोटी बाइट होतात. त्यापुढच्या लार्ज फॉरमॅट फाइलसाठी डीसीबीईमध्ये (डीसीबीच्या पुरवणीत) ब्लॉकटोकनसाइज लार्ज द्यावं लागतं, मग ट्रॅकला तीन बाइट मिळतात. फाइल एकापेक्षा जास्त व्हॉल्युमवर (डिस्कवर) पसरली असेल तर साध्या फाइलमध्ये टीटीआर त्या-त्या व्हॉल्युमपुरताच असतो; कितवा व्हॉल्युम हे तुम्ही वेगळं लिहून ठेवायचं. एक्स्टेंडेड फॉरमॅट आणि पीडीएसई या नव्या प्रकारच्या फाइलींत मिळणारा आकडा टीटीआरसारखा दिसतो, पण ते टोकन आहे. जसं मिळालं तसं परत द्यायचं, त्यात एक मिळवून ‘पुढचा ब्लॉक’ काढायला जायचं नाही.

एवढं सगळं सांगितलं, आणि आता म्हणतो: तुमच्या कामाला यातलं काहीच नको. जेसीएलमध्ये (जॉबला फाइली जोडून देणाऱ्या भाषेत) त्याच फाइलवर दोन डीडी (फाइल जोडायच्या ओळी) लिहा, कोबॉल प्रोग्राममध्ये दोन सिलेक्ट. एकाने पूर्ण फाइल वाचून ट्रेलरमधली संख्या आणि रक्कम घ्या, क्लोज करा, मग दुसऱ्याने कामाला लागा. दोन डीसीबी म्हणजे दोन स्वतंत्र जागा, एकीचा दुसरीशी संबंध नाही. दोनदा वाचायला वेळ लागेल म्हणता? मोजून बघा. रात्रीच्या बॅचमध्ये असल्या वाचनाचा वेळ शोधायला भिंग लागेल. (फाइल खरंच अवाढव्य असेल तर एक आडवाट आहे. व्हीटॉकमधल्या (डिस्कच्या अनुक्रमणिकेतल्या) डीएससीबीत (फाइलच्या नोंदीत) डीएस१लस्टार नावाचं फील्ड असतं, त्यात शेवटच्या लिहिलेल्या ब्लॉकचा टीटीआर असतो. साध्या, एका व्हॉल्युमच्या फाइलला तो घेऊन बीसॅमने थेट पॉइंट मारता येतो. मी हे दोनदाच केलंय, आणि दोन्ही वेळा माझ्यानंतर आलेल्या मुलांनी मला शिव्या घातल्या असणार.)

टीटीआर साठवून ठेवण्याबद्दल एक किस्सा, कारण तुम्ही ‘पोझिशन फाइलमध्ये लिहून दुसऱ्या दिवशी वापरली तर?’ असंही विचारलंय. नव्वदच्या दशकात मी जिथे होतो तिथे ग्राहकांना जाणाऱ्या पत्रांचे मसुदे एका पीडीएसमध्ये (अनेक छोट्या फाइली, म्हणजे मेंबर, ठेवणाऱ्या फाइलमध्ये) होते, प्रत्येक पत्राचा एक मेंबर. प्रत्येक वेळी डिरेक्टरी शोधायला नको म्हणून एका हुशार माणसाने सगळ्या मेंबरांचे टीटीआर एका छोट्या फाइलमध्ये उतरवून ठेवले. तो हुशार माणूस मीच. सहा-सात महिने झकास चाललं. मग पीडीएस भरली, आणि स्टोरेजवाल्याने शनिवारी रात्री आयईबीकॉपी या प्रोग्रामने कॉम्प्रेस मारली. त्याचं काहीच चुकलं नाही, ते त्याचं कामच. कॉम्प्रेसमध्ये मधल्या रिकाम्या जागा भरून मेंबर वर सरकतात. सोमवारी कर्ज मंजूर झालेल्या काही मंडळींना थकबाकीची नोटीस छापून तयार झाली, तीही मध्यापासून, ‘आपणास कळविण्यात येते’ वगळून. पाकिटं भरणाऱ्या शिपायाला मायना नसलेलं पत्र विचित्र वाटलं म्हणून वाचलो. त्यानंतर प्रोग्राम सुरू होताना दर वेळी बीएलडीएल करून (डिरेक्टरीत शोधून) टीटीआर ताजे घ्यायला लागलो. एका रनच्या आत टीटीआर वापरा, हरकत नाही. रात्र ओलांडू देऊ नका.

दुसरा प्रश्न, व्हीसॅमचा (केएसडीएस ज्यात येते त्या फाइल-पद्धतीचा). इथे जागा फाइलला नसते, आरपीएलला (प्रोग्रामच्या एकेका मागणीच्या कोष्टकाला) असते. असेंब्लरमध्ये लिहीत असाल तर काम सोपं आहे: एसीबीत (व्हीसॅम फाइलच्या कोष्टकात) स्ट्रनो, म्हणजे एकाच वेळच्या जागांची संख्या, २ द्या, दोन आरपीएल करा, एक शाखेप्रमाणे चालायला, दुसरा डोकावायला. पहिल्याला धक्का लागत नाही. एकाच आरपीएलवर थेट एक रेकॉर्ड आणून तिथूनच पुढे सिक्वेन्शिअल जायचं असेल तर ऑप्टसीडी या पर्यायात डीआयआरबरोबर (थेट वाचन) एनएसपी (जागा लक्षात ठेव) द्या. एनयूपी दिलंत तर व्हीसॅम रेकॉर्ड देतो आणि जागा विसरतो.

कोबॉलमध्ये एका सिलेक्टला जागा एकच. अॅक्सेस डायनॅमिक ठेवून तुम्ही रीड नेक्स्ट करत चाललात आणि मध्येच की भरून साधा रीड केलात, की पुढचा रीड नेक्स्ट त्या नव्या रेकॉर्डच्या पुढून सुरू होतो. तुमचा जॉब फिरत राहून टाइम आउट होतो म्हणालात ना, ते बहुतेक हेच. डोकावलेलं खातं मागचं असेल तर प्रोग्राम मागे जातो, चालत परत तिथेच येतो, पुन्हा डोकावतो, पुन्हा मागे. उपाय दोन. नुसतं वाचायचं असेल तर त्याच क्लस्टरवर (व्हीसॅम फाइलवर) दुसरा डीडी, दुसरा सिलेक्ट. दोघांपैकी एकातून लिहायचंही असेल तर हे करू नका. शेअरऑप्शन्स (फाइल एकाच वेळी किती जणांना उघडता येते याचे नियम) आडवे येतात, आणि नाही आले तर दोघांचे बफर वेगवेगळे असल्यामुळे एकाने लिहिलेलं दुसऱ्याला जुनंच दिसू शकतं. मग दुसरा उपाय: डोकावण्याआधी आपली की वर्किंग-स्टोरेजमध्ये ठेवा, डोकावून या, मग त्या कीवर स्टार्ट देऊन (म्हणजे तिथे जाऊन उभं राहून) रीड नेक्स्ट.

स्टार्टमध्ये ‘ग्रेटर दॅन’ की ‘नॉट लेस दॅन’? ठेवलेल्या कीचं काम उरकलं असेल तर ग्रेटर, बाकी असेल तर नॉट लेस. ‘इक्वल’ मात्र देऊ नका. मधल्या वेळात तो रेकॉर्ड डिलीट झाला असेल तर इक्वलला फाइल स्टेटस २३ (रेकॉर्ड नाही) येतं, आणि ते न तपासता रीड नेक्स्ट केलंत तर ४६ (पुढे वाचायला जागाच नाही). ग्रेटरला त्या रेकॉर्डच्या असण्या-नसण्याचं सोयरसुतक नाही.

की ऐवजी आरबीए जपला तर? ईएसडीएसमध्ये (आल्या क्रमाने रेकॉर्ड साठवणाऱ्या फाइलमध्ये) चालेल, तिथे रेकॉर्ड जागचा हलत नाही. फाइल उतरवून पुन्हा रेप्रो कमांडने भरली तर मात्र भरवसा संपला. केएसडीएसमध्ये नको. भरलेल्या कंट्रोल इंटरव्हलमध्ये (व्हीसॅमच्या ब्लॉकमध्ये) एक नवा रेकॉर्ड घुसला की स्प्लिट होतो, त्यातले कितीतरी रेकॉर्ड उठून दुसऱ्या इंटरव्हलमध्ये जातात आणि त्यांचे आरबीए बदलतात. तुमच्या रेकॉर्डला कोणी शिवलंही नसताना.

आणि आता तुमच्या प्रश्नातला खरा खड्डा, जो तुम्ही सहज एका ओळीत लिहून पुढे गेलात: ‘शाखेप्रमाणे’ वाचता म्हणजे शाखा-कोडवरच्या अल्टरनेट इंडेक्समधून (दुसऱ्या कीच्या सूचीतून) वाचता. एका शाखेत हजारो खाती. म्हणजे ही की नाहीच, आडनाव आहे. शाखा-कोड जपून स्टार्ट केलात की तुम्ही त्या शाखेच्या पहिल्या खात्यावर जाता, तुम्ही ४,०००व्यावर होतात याची त्याला गंधवार्ता नाही. ‘ग्रेटर’ दिलंत तर उरलेली सगळी खाती सोडून पुढच्या शाखेत. बरं, शाखा-कोड आणि खाते क्रमांक दोन्ही जपून, ‘खाते क्रमांक मोठा दिसेपर्यंत पुढे चला’ असं केलंत तरी चूक. कारण एकाच शाखा-कोडखाली खाती खाते क्रमांकाच्या क्रमाने मिळतीलच असं नाही. नवीन येणारा पॉइंटर यादीच्या शेवटी लागतो. दुसऱ्या शाखेतून बदलून आलेलं जुनं खातं, त्याचा नंबर लहान असला तरी सगळ्यांच्या मागे उभं असतं. म्हणून नेमका तोच खाते क्रमांक सापडेपर्यंत चालायचं. तो मध्येच दुसऱ्या शाखेत गेला असेल तर सापडणारच नाही, त्याचीही सोय लिहायची.

माझं मत विचाराल तर बॅचमध्ये अल्टरनेट इंडेक्सवरून हजारो रेकॉर्ड वाचूच नका. बेस क्लस्टर (खात्यांची मूळ फाइल) सरळ वाचा, शाखा आणि खाते क्रमांक यांवर सॉर्ट करा, आणि त्या सॉर्ट केलेल्या फाइलवर चाला. दोन्ही मिळून की अद्वितीय होते, आणि इंडेक्समधून बेसवर इकडून तिकडे उड्या मारण्याचा वेळही वाचतो.

ऑनलाइनचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या टीमला लागेल म्हणून दोन ओळी. सीआयसीएसमध्ये (पडद्यावरचे व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पान दाखवून टास्क संपते तेव्हा ब्राउझही (रेकॉर्ड ओळीने वाचत जाणंही) संपतो. त्यामुळे पानावरची पहिली आणि शेवटची की कॉमएरियात (दोन टास्कांमधल्या सामायिक जागेत) जपायची आणि पुढच्या वेळी स्टार्टबीआर (ब्राउझची सुरुवात) नव्याने करायचा. मागे जाताना रीडनेक्स्टनंतरचा पहिला रीडप्रीव्ह (मागचा वाचा) तोच रेकॉर्ड पुन्हा देतो, तो टाकून द्यायचा. आणि जपलेली पहिली की मधल्या वेळात कोणी डिलीट केली असेल तर स्टार्टबीआर गुपचूप पुढच्या रेकॉर्डवर बसतो, पण लगेच दिलेला रीडप्रीव्ह नॉटफाउंड म्हणतो. अशा वेळी आधी एक रीडनेक्स्ट, मग रीडप्रीव्ह.

तिसरा प्रश्न रीस्टार्टचा. इथे जागा जपणं हे निम्मंच काम. फवारणीवाला कलमाला खडूची खूण करतो ती फवारून झाल्यावर. आधी खूण केली आणि पंप बंद पडला, तर दुसऱ्या दिवशी ते झाड राहून जातं. नंतर करायची म्हणून फवारलं आणि खूण करायच्या आत पाऊस आला, तर दोनदा फवारलं जातं. झाडाला दोनदा औषध चालून जाईल. खात्याला दोनदा व्याज चालत नाही.

म्हणून खूण आणि काम एकाच कमिटमध्ये (बदल कायम करण्याच्या एका टप्प्यात) बांधा. तुमचे अपडेट डीबी२ या डेटाबेसमध्ये जातायत, तर शेवटचा शाखा-कोड आणि खाते क्रमांकही डीबी२च्याच एका छोट्या रीस्टार्ट टेबलात लिहा, दर १,००० खात्यांमागे दोन्ही मिळून कमिट. खूण व्हीसॅममध्ये आणि काम डीबी२ मध्ये असं बॅचमध्ये केलंत तर अबेंडला डीबी२ मागे सरकेल आणि व्हीसॅममधली खूण पुढेच राहील. डीबी२चा कर्सर (वाचत असलेल्या ओळींवरची खूण) उघडा ठेवून कमिट करणार असाल तर तो बंद होऊ नये म्हणून विथ होल्ड विसरू नका. आणि बाहेर लिहीत असलेली सिक्वेन्शिअल रिपोर्ट फाइल? तिचे शेवटचे काही रेकॉर्ड बफरमध्येच मेलेले असू शकतात. मी तर रिपोर्ट वेगळ्या स्टेपमध्ये टेबलावरून काढतो, म्हणजे तो प्रश्नच उरत नाही.

इनपुट सिक्वेन्शिअल असेल तर नुसता आकडा जपा. ‘४,१२,००० रेकॉर्ड झाले’ एवढं पुरे. रीस्टार्टला तेवढे वाचून टाकून द्या आणि पुढचा घ्या. टीटीआरपेक्षा बावळट दिसतं, पण फाइल रीब्लॉक झाली (ब्लॉकचा आकार बदलला) तरी चालतं. फक्त एक: इनपुट जीडीजी (दर वेळी नवी आवृत्ती, म्हणजे जनरेशन, बनणारी फाइल) असेल आणि जेसीएलमध्ये कंसात शून्य, म्हणजे सर्वांत ताजी आवृत्ती, लिहिलं असेल, तर पडलेला जॉब दुसऱ्या दिवशी पुन्हा सबमिट करेपर्यंत नवीन जनरेशन आलेलं असू शकतं. मग कालचा आकडा आजच्या फाइलला लागेल. हेडरमधली तारीख रीस्टार्ट टेबलात ठेवा, जुळली नाही तर जॉब तिथेच थांबवा.

तुमच्याकडे कुडाळला पावसात वीज जाते म्हणून रीस्टार्ट हवा असं लिहिलंय, त्यावर हसू आलं. वीज गेली की तुमचं टर्मिनल जातं, जॉब तिकडे आपला चालूच असतो. वीज आली की घाबरून पुन्हा सबमिट करू नका, आधी स्पूल (जॉबचा निकाल जिथे साठतो ती जागा) बघा.

टेस्ट करताना जॉब तीन ठिकाणी मुद्दाम मारा: कमिटच्या लगेच आधी, कमिटच्या लगेच नंतर, आणि एकाच शाखेच्या खात्यांच्या अगदी मधोमध. तिसऱ्या वेळी मारल्यावर, रीस्टार्ट करण्याआधी, जपलेलं खातं हाताने डिलीट करा आणि मग सोडा.